सातारा जिल्ह्यातली छोटी संग्रहालयं आणि जुने वाडे: आमच्या एका वीकेंडचा केस स्टडी

केस अशी की पाच माणसं, एक गाडी, डिसेंबरातला वीकेंड, आणि एकमत फक्त एकाच गोष्टीवर, की या वेळी महाबळेश्वर नको. माणसं कोण ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. आत्या सत्तरीच्या पुढची, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आता गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या म्हटलं की जपून. ताई मुंबईत शिक्षिका. दाजींना इतिहास आवडतो, पण त्यांच्या लेखी इतिहास म्हणजे किल्ले आणि लढाया. भाचा अकरावीत, त्याला कुठल्याही म्युझियममध्ये पंधरा मिनिटांनंतर भूक लागते. आणि मी, गाडी आणि प्लॅनिंग दोन्ही माझ्याकडे.

दाजींनी ग्रुपवर लिस्ट टाकली. नायगावचं सावित्रीबाईंचं घर, वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, लिंबची बारा मोटेची विहीर, साताऱ्यातलं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव जिथं दाखल झालं ती साताऱ्याची शाळा, जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, आणि शेवटी औंध. नकाशावर बघितलं तर सगळं एकाच जिल्ह्यात, आणि प्रत्येक ठिकाणाला "अर्धा तास पुरे" असं त्यांनी पुढे लिहिलेलं. हीच खरी अडचण, कारण छोट्या जागेला अर्धा तास दिला ना की ती जागा आपल्याला काहीच देत नाही. मोठ्या शहरातल्या म्युझियममध्ये ऑडिओ गाइड असतो, मोठमोठे फलक असतात, तुम्ही नुसते चालत राहिलात तरी काहीतरी कानावर पडतं. गावातल्या जागेत पाटीवर नाव आणि काळ, बस. बाकीचं एकतर आपण घरून घेऊन जायचं नाहीतर तिथल्या माणसाला विचारायचं.

म्हणून मी लिस्ट कापली, आणि कापताना कसोटी एकच लावली, या जागा एकमेकींशी बोलतात का. मेणवली आणि औंध बोलतात. मेणवली हे गाव नानांना १७६८ मध्ये मिळालं ते भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून, आणि औंधचं संग्रहालय उभं केलं ते त्याच प्रतिनिधी घराण्यातल्या बाळासाहेबांनी, १९३८ मध्ये. म्हणजे मधली पावणेदोनशे वर्षं एका घराण्याचं बोट धरून चालता येतात. हा धागा ग्रुपवर सांगितल्यावर दाजींनी लिंबची विहीर सोडून द्यायला होकार दिला, तेही खूप जड मनाने (विहीर बघायलाच हवी अशी आहे, पण तिथं पायऱ्या आहेत आणि सोबत आत्या). नायगाव मात्र ताईने सोडू दिलं नाही. शिक्षिका असून पुणे-सातारा रस्त्याने जायचं आणि नायगावला थांबायचं नाही हे तिला पटणं शक्य नव्हतं आणि तिचं बरोबरच होतं.

तर सुरुवात नायगावपासून. खंडाळा तालुका, शिरवळच्या बाजूला हायवे सोडून आत. सावित्रीबाईंचा जन्म इथला, ३ जानेवारी १८३१, वडील खंडोजी नेवसे पाटील. घर नीट करून जपलंय आणि शेजारच्या स्मारकात त्यांच्या आयुष्यातले प्रसंग शिल्पांतून मांडलेत. दाजींचा पहिला प्रश्न, यातल्या वस्तू मूळ किती? मला वाटतं अशा घरात हा प्रश्न आपल्याला चुकीच्या दिशेला नेतो. शेतकरी घरातल्या मुलीची वस्तू दोनशे वर्षं कोण जपून ठेवणार होतं, ती जपावी असं तेव्हा कुणाला वाटायचं कारणच नव्हतं. तिथं बघायचं ते घराचं माप. दार केवढं, पडवी केवढी, गावापासून हमरस्ता किती लांब. ताई भाच्याला एवढंच म्हणाली, ही मुलगी नवव्या वर्षी लग्न होऊन इथून पुण्याला गेली आणि १८४८ मध्ये शाळेत शिकवायला उभी राहिली, तेव्हा ती तुझ्याच वयाची होती. भाचा गप्प झाला, मग त्याने फोन काढून हिशोब केला, सतरा. ती शाळा जिथं भरली त्या पुण्यातल्या भिडे वाड्याची जुनी इमारत आता राहिलेली नाही, तिथं नवं स्मारक व्हायचंय, त्यामुळे सावित्रीबाईंच्या आयुष्यातली जी काही जागा अजून हात लावून बघता येते त्यात नायगावचं मोल वाढलंय. जाणार असाल तर ३ जानेवारीला जयंतीची मोठी गर्दी असते, तो माहोल बघायचा असेल तर जरूर त्या दिवशी जा, पण घर निवांत बघायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस धरा.

तिथून वाई आणि वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. इथं दाजी तयारीत होते. पानिपतावरून जिवंत परत आलेला माणूस म्हणजे नाना, १७६१ ला वय अवघं एकोणीस, आई त्या धामधुमीत हरवली ती परत मिळालीच नाही, आणि हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. पण वाड्यात शिरल्यावर दाजींना लढाई कुठेच दिसेना. दिसतात ते चौक, एकामागून एक असे सहा, जाड भिंती, लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रं, आणि मागच्या बाजूने थेट कृष्णेवर उतरणारा घाट. एका कारभाऱ्याचं घर आहे हे, त्यामुळे इथला ऐवज म्हणजे कागद. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाचे अभ्यासक जे म्हणतात ते मोडीतल्या कागदांचं गाठोडं या वाड्यातलं. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, पुण्यातलं किती काय काय गेलं, आणि इथं नदीकाठच्या गावात नानांचे कागद शाबूत राहिले. नंतर ते पारसनीसांसारख्या संग्राहकांच्या हाती गेले, अभ्यासकांपर्यंत पोचले, त्यामुळे आज वाड्यात कागद बघायला मिळतील या आशेने जाऊ नका. वाडा हे त्या कागदांचं रिकामं कपाट आहे असं समजून बघा, म्हणजे प्रत्येक खोलीत शिरताना बरोबर प्रश्न पडतात. इथं कारकून बसत असतील का, जासूद कुठल्या दारानं आत येत असेल, बाईमाणसांचा चौक कुठला आणि बाहेरच्यांना कुठपर्यंत येऊ द्यायचे.

वाडा दाखवणारे गृहस्थ पहिल्यांदा पाठ केलेलं सांगत होते, सगळीकडे असंच असतं, कारण येणाऱ्यांना तेवढंच हवं असतं, त्यातही बऱ्याच जणांना फक्त कुठल्या पिक्चरचं शूटिंग कुठे झालं ते. आत्याने विचारलं, पावसाळ्यात नदीचं पाणी कुठपर्यंत येतं हो? झालं. पुढची वीस मिनिटं ते घाटाच्या पायऱ्या, पूर, वाड्याची डागडुजी, लाकडाला लागणारी वाळवी, चुना कसा मळायचा यावर बोलत राहिले आणि त्यातलं काहीही कुठल्या पाटीवर नव्हतं. माझा अनुभव आहे, गावातल्या जागी "याचं महत्त्व काय" असं विचारलं की पाठ केलेलं भाषण मिळतं, आणि "हे सांभाळता कसं" असं विचारलं की माणूस मोकळा होतो. जो रोज झाडू मारतो, कौलं बदलतो, त्याला त्या घराची माहिती सगळ्यात जास्त असते. आणि हो, तिकीट किंवा देणगी जे काही असेल ते न कुरकुरता द्या, मागतील त्यापेक्षा थोडं जास्तच द्या. खाजगी मालकीचा वाडा उभा ठेवणं किती खर्चाचं काम आहे ते एकदा कौलारू घर शाकारून घेतलेल्या माणसाला विचारा.

भाच्यासाठी मेणवलीत एकच गोष्ट होती आणि ती त्याला पुरली. घाटावरची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा लुटीत आल्या, आणि त्या महाराष्ट्रभर देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्धच आहे, त्यातली ही एक. हिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मेणेश्वराच्या शेजारी मेरी. भाच्याने तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि रात्री लॉजवर बसून वसईचा वेढा वाचत बसला, कुणी सांगितलं नव्हतं. आणि दाजींना त्यांची लढाई शेवटी घाटावर मिळाली, दोघांचं संध्याकाळभर तेच चाललं होतं. म्हणून माझं ठाम मत झालंय की मुलांना घेऊन जाताना प्रत्येक जागी एकच वस्तू नेमून द्यावी, अख्खं घर त्यांच्या डोक्यावर मारू नये.

मध्ये एके ठिकाणी आम्हाला कुलूप मिळालं, नाव लिहीत नाही, कारण अशा जागा दोन-तीन माणसांच्या जिवावर चालतात आणि त्यातलं कुणाच्या घरी कार्य निघालं की कुलूप लागतंच. प्लॅन करताना हे धरूनच चालायचं. आदल्या दिवशी फोन लागला तर लावायचा, सोमवार टाळायचा, दुपारी एक ते तीन या वेळेत कुठेही पोचायचं नाही, तेवढ्यात जेवून घ्यायचं.

आता औंध. सगळ्यात आधी, मॅपमध्ये नुसतं औंध टाकलं तर पुण्याचं औंध येतं, जिल्हा सातारा तालुका खटाव असं बघून लावा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे गेलात तर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. खटाव म्हणजे दुष्काळी पट्टा, रस्त्याने माळ, मेंढरं, मध्येच कुठेतरी उसाचा तुकडा. डोंगराच्या माथ्यावर यमाईचं मूळपीठ, गावाची देवी, आणि त्याच डोंगराच्या अंगावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आणि ग्रंथालय. वर गाडी जाते, आत्याची काळजी मिटली.

इथं आत जाण्याआधी मी सगळ्यांना गाडीतच पाच मिनिटं थांबवून बाळासाहेब कोण ते सांगितलं, आणि हे केल्यामुळेच पुढचे दोन-अडीच तास नीट गेले असं मला वाटतं. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८, डेक्कन कॉलेजातून बी.ए., १९०९ ला गादीवर. संस्थान केवढं, तर बहात्तर गावांचं, आणि तीही एका सलग पट्ट्यात नाहीत, सातारा सांगली सोलापूर विजापूरकडे विखुरलेली. उत्पन्न बेताचं. पण माणूस स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा प्रचार देशभर करणारा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा कुंडलजवळ जागा यांनीच दिली, १९१० ची किर्लोस्करवाडी ती हीच. पंडित सातवळेकर वेदांचं काम करत इथंच राहिले. गदिमा इथल्या शाळेत शिकले. आणि १९३९ मध्ये बाळासाहेबांनी राज्यघटना देऊन सत्ता ग्रामपंचायतींपासून वर अशी प्रजेच्या हाती सोपवली, त्या घटनेत गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरचा हात होता. भाचा म्हणाला, राजाने स्वतःहून? हो, स्वतःहून, आणि देशाला स्वातंत्र्य मिळायच्या आठ वर्षं आधी.

एवढं डोक्यात ठेवून आत गेलात की समोर जे दिसतं त्याला अर्थ येतो. नाहीतर खरंच गोंधळ उडतो. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं, चित्रकार धुरंधरांची चित्रं, बंगाल शैली, पहाडी लघुचित्रं, हस्तिदंत, चंदनावरचं कोरीवकाम, बाळासाहेबांची स्वतःची चित्रं, आणि या सगळ्यात हेन्री मूर या विसाव्या शतकातल्या मोठ्या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल. दगडातलं. खटाव तालुक्यात. लोक याच्या समोरून न थांबता जातात, कारण बाकीच्या गुळगुळीत संगमरवरानंतर ते ओबडधोबड वाटतं. आत्या तिथं थांबली ती हललीच नाही. शेवटी तिच्यासाठी कुणीतरी खुर्ची आणून दिली.

आणि मग युरोपियन चित्रांच्या नकला. दाजी म्हणाले, या तर कॉप्या आहेत, पुढे चला. इथं आत्या चिडली, खरोखर चिडली, आणि तिने जे सांगितलं ते मला या अख्ख्या ट्रिपमधलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ती म्हणाली, अरे १९३८ साली औंधच्या शाळेतल्या पोराला इटलीतलं चित्र बघायचं असेल तर त्याने काय करायचं होतं? रंगीत छापील पुस्तक मिळायची मारामार, परदेशी जाणं सोडूनच द्या. मग त्या चित्राची नक्कल, खऱ्या रंगात, डोळ्यांसमोर, ही त्या पोरासाठी खिडकी होती. मीही चाळीस वर्षं मुलांना फळ्यावर नकलाच काढून दाखवल्या. नकला खरेदी करणारा राजा फसलेला नव्हता, तो शिकवत होता.

हे पटलं की सगळं संग्रहालय वेगळं दिसायला लागतं. बाळासाहेबांनीच १९३२ ला अजिंठ्यावर पुस्तक काढलं, लेण्यातल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या, कारण मूळ चित्रं खराब होत चालल्याचं दिसत होतं आणि सगळ्यांना तिथं जाणं शक्य नव्हतं. म्हणजे मूळ विकत घ्यायला जमतंय तिथं मूळ, नाही तिथं नक्कल, पण माझ्या बहात्तर गावांतल्या माणसाला बघायला मिळालं पाहिजे, हा हिशोब. सूर्यनमस्कार, शाळा, घटना आणि हे संग्रहालय, मला ही चारही कामं एकाच माणसाच्या एकाच विचारातून आलेली दिसतात. लोक औंधला "छोट्याशा गावात एवढा मोठा खजिना कसा" असं आश्चर्य करतात आणि हेन्री मूरबरोबर सेल्फी काढतात, पण खजिना म्हटलं की तो राजाचा होतो. हा राजाने प्रजेसाठी मांडलेला वर्ग आहे आणि त्यात आपण विद्यार्थी म्हणून बसलो तरच तो कळतो.

इमारत पण बघा. उजेड वरून येतो, चित्रांवर सौम्य पडतो, दिवे नसले तरी दिसावं अशी सोय. म्हणून सकाळी उशिरा किंवा दुपारी लवकर जा, संध्याकाळी पाचला पोचून धावपळ करण्यात अर्थ नाही. आम्ही अर्धा वेळ आत, मग बाहेर डब्यातली भाकरी आणि ठेचा, मग परत आत असं केलं, दरवाजावर आधी विचारून. भाच्याची भूक पण भागली आणि आत्याचे पायही. दुसऱ्यांदा आत गेल्यावर प्रत्येकाने एकच चित्र निवडायचं आणि का ते सांगायचं असं ठरलं. ताईने पहाडी लघुचित्र निवडलं, दाजींनी रविवर्मा, भाच्याने मला न आठवणाऱ्या चित्रकाराचं एक अगदी साधं निसर्गचित्र, कारण "यात कोणी राजा नाहीये". आत्याने अर्थातच मूर.

आता हिशोब मांडायचा तर दाजींच्या लिस्टमधल्या निम्म्याहून जास्त जागा राहिल्या. साताऱ्याचं मोठं संग्रहालय राहिलं, तिथं गर्दी असते आणि त्याला अख्खा दिवस हवा. कटगुण राहिलं याची मला रुखरुख आहे, कारण ते औंधसारखंच खटाव तालुक्यात, आणि नायगाव बघून आलेल्या माणसाने जोतीरावांचं मूळ गाव बघायलाच हवं, तो धागा सरळ जुळतो. पण त्यासाठी वेगळी ट्रिप करावी असं माझं मत, नायगाव, कटगुण आणि पुण्यातला फुले वाडा अशी. फडणवीस-प्रतिनिधींच्या धाग्यात फुल्यांना कोंबलं असतं तर दोघांवरही अन्याय झाला असता. नायगाव या वेळी त्या धाग्याबाहेर एकटंच उभं राहिलं हे खरंय, ताईलाही ते जाणवलं, पण वाटेवर होतं आणि थांबलो ते योग्यच झालं.

खर्चाचं म्हणाल तर तिकिटं किरकोळ, खरा खर्च डिझेल आणि लॉजचा. मुक्काम वाईत केला, औंधमध्ये राहायची-जेवायची फार सोय धरू नका, डबा न्या. स्वच्छतागृहाचा विचार वयस्कर माणसं सोबत असतील तर आधीच करा, हायवेवरच्या हॉटेलात उरकून मगच आत वळा. कॅमेऱ्याचं विचारल्याशिवाय काढू नका, फ्लॅश तर कुठेच नको, जुन्या रंगांना तो सोसत नाही. वही न्या. हे मी मनापासून सांगते, आत्याने पेन्सिलीने मेणवलीचा एक खांब आणि औंधचं ते शिल्प काढलं आणि ती रेघोट्या मारत बसली असताना आजूबाजूची जी माणसं येऊन बोलली, तेवढी फोटो काढताना कधीच बोलत नाहीत.

पुढची मागणी भाच्याकडून आलीय. बाळासाहेबांच्या संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती, भिंती नसलेली, कैदी कुटुंबासह राहून शेती करायचे. त्याला ती बघायचीय. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात येतं, उन्हाळ्यात तिकडे जाववत नाही, त्यामुळे पावसाळा संपला की, आणि त्याआधी आत जाऊ देतात का याची चौकशी करायचं काम दाजींनी घेतलंय.